पिवळं तेल

माझी एक जुळी कोल्हापुरात राहते. ती मोहरीएवढी आहे, काचेच्या ताटलीत राहते आणि स्वभावाने अगदी हट्टी आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते डॉक्टर सफिया मुकादम यांच्या खोलीतल्या पडद्यावर. करड्या रंगाचा गोळा होता, कडेने खरबरीत.

"ह्या तुमच्याच पेशी, रंजनाताई," डॉक्टर म्हणाल्या. "काखेतल्या गाठीचा जो तुकडा काढला, त्यातून वाढवल्या. गाठ तुमच्या शरीरात जशी वागते, तशीच ही इथे वागते."

"म्हणजे माझ्यासारखीच. कोणाचं ऐकत नाही."

डॉक्टर हसल्या. रत्नागिरीची पोर, वयाने माझ्या भाचीएवढी. तिच्याशी बोलताना मला आजारी असल्यासारखं वाटत नसे, हा तिचा मोठा गुण.

मी रंजना राऊळ, एस.टी.ची कंडक्टर, सावंतवाडी आगार. आता बसमध्ये पाय ठेवला की कॅमेरा चेहरा ओळखतो आणि भाडं परस्पर कापलं जातं. कंडक्टरला काम उरलं ते म्हाताऱ्यांना हात देऊन चढवायचं, खिडकीवरून होणारी भांडणं सोडवायची आणि घंटीची दोरी ओढायची. ते मी इमानाने करत होते. स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, रोजची गोळी सुरू झाली, तरी परत जाऊन दोरी ओढत होते. मग गोळी चालू असतानाच काखेत गाठी आल्या, आणि मला घरी बसावं लागलं.

असं का झालं ते डॉक्टरांनी समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. एस.टी.त एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. माझ्या प्रकारच्या कर्करोगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीला दोन घंट्या देतं, आणि पेशी वाढत सुटते. गोळीचं काम ती दोरी घट्ट धरून ठेवायचं. पण माझ्या पेशी वस्ताद निघाल्या. त्यांनी दोरीच काढून आत कुलपात टाकली आणि बिनघंटीच्या धावायला लागल्या. आता गोळी धरणार काय?

तेव्हा हवं होतं ते कुलूप उघडणारं काहीतरी. त्यासाठी माझ्या जुळीच्या हजारो प्रती करून, एकेका बारीक खळग्यात एकेक ठेवून, यंत्र त्यांच्यावर एकेक रेणू टाकून बघत होतं. रेणू सगळे झाडांतले. सह्याद्रीतल्या कुठल्या कुठल्या साली, मुळं, पानं, फळं. मला वाटलं होतं, हे आपलं आजीबाईच्या बटव्यासारखंच. मी तसं म्हटल्यावर डॉक्टर पहिल्यांदा जरा कडक झाल्या.

"सदाफुलीतून कर्करोगाची औषधं निघाली, ती जुनी गोष्ट आहे. पण सदाफुली चावून कोणी बरं होत नाही, विषबाधा मात्र होते. झाडात शेकडो रेणू असतात. त्यातला एक शोधायचा, तो वेगळा काढायचा, थोडा बदलायचा, मोजून द्यायचा. बटव्यात मोजमाप नसतं, ताई."

यंत्राला जो रेणू सापडला, तो ऐकून मी खुर्चीतच हसायला लागले. कोकमाच्या सालीतला निघाला. म्हणजे आमच्या परसातल्या रातांब्याचा. तो दिला की जुळीच्या पेशी कुलूप उघडून दोरी बाहेर टाकत, मग नेहमीची गोळी ती धरे आणि गोळा आकसत जाई. मूळ रेणू ताटलीत चाले, पण शरीरात गाठीपर्यंत पोचत नसे, म्हणून प्रयोगशाळेने त्याची शेपटी थोडी बदलून औषध केलं होतं. माझ्यासारख्या काही बायकांवर त्याची चाचणी चालू होणार होती.

औषध द्यायची तऱ्हाही नवीन होती. दंडात कातडीखाली शर्टाच्या बटणाएवढी चकती बसवली. तिच्या पोटात औषध, आणि तिच्या अंगात एक संवेदक. रक्तात औषध किती आहे ते संवेदक सारखं मोजत राहतो. कमी झालं की चकती थोडं सोडते, पुरेसं असलं की गप्प बसते. जास्त झालं तर यकृताला त्रास, कमी पडलं तर काही उपयोग नाही. सगळा आलेख डॉक्टरांना कोल्हापुरात बसून दिसणार.

"आणि एक पथ्य," डॉक्टर म्हणाल्या. बोलताना त्यांचाच चेहरा पडला होता. "कोकम बंद. सोलकढी, आगळ, आमटीतलं आमसूल, सगळं. चाचणीत बाहेरचं कोकम चालत नाही. पथ्य मोडलं तर नाव कमी होतं, हा नियम आहे."

*

हे पथ्य घरी सांगायचं म्हणजे मथुरावयनीला सांगायचं.

मथुरावयनी माझी थोरली जाऊ. आमच्या दोन घरांत एक अंगण आहे, चुली वेगळ्या, पण आजारपणापासून माझं जेवण तिच्याकडेच. तिच्यासारखी आमसुलं आमच्या वाडीत कोणी करत नाही. रातांबे फोडून सालं वाळवायची, त्यांच्याच रसात बुडवायची, परत उन्हात घालायची, परत बुडवायची. अशी पुटं देत देत ती काळीभोर, मऊ होतात. उन्हाळाभर वयनीचे हात लाल.

आमच्यात प्रेमाचं बोलायची पद्धत नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी मी तिच्या हातची सोलकढी प्यायले आणि न राहवून म्हटलं, "मीठ जास्त झालंय." ती म्हणाली, "जास्त वाटता तर पाणी पी." तेव्हापासून तेच. तिने काहीही केलं तरी मी मिठाला नाव ठेवणार, ती मला पाणी दाखवणार. पाहुण्यांना वाटतं आमचं पटत नाही.

पथ्य ऐकून वयनीने कमरेवर हात ठेवले.

"औषध रातांब्याचा, आणि रातांबोच खावचो नाय? ह्यो खयचो न्याय?"

"डॉक्टर सांगतत, वयनी."

"डॉक्टर रत्नागिरीची मां? तिच्या आयेन तिका सोलां घालून जेवक घातलल्यान आसा, म्हणान डॉक्टर झाला ता."

पण ऐकलं तिने. बांगड्याच्या तिखल्यात सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, जागी चिंच आली. सोलकढी तर घरातूनच गेली. मी जेवायला बसले की बाकीच्यांनाही मिळत नसे, आणि माझा नवरा दिगंबर ताकाच्या वाटीकडे असा बघे की जणू कोणीतरी वारलंय. सकाळी माझ्यासाठी उकड्या तांदळाची पेज, आणि वर चमचाभर पिवळसर खोबरेल. "ताकद येऊची तर तेल होया," वयनी म्हणे. मला वाटलं हळद घातली असेल. चव छान होती, जरा भाजक्या सालीसारखी.

*

गणपती झाले, दसरा झाला. स्कॅन झालं आणि डॉक्टरांनी फोनवर चेहरा दाखवला तेव्हाच मला कळलं.

"गाठी आहेत तेवढ्याच आहेत," त्या म्हणाल्या. "वाढल्या नाहीत, पण कमीही नाहीत. आणि मला कळत नाहीये का ते. जुळीवर औषध छान चालतंय. तुमच्या रक्तात पातळी भरपूर दिसतेय. इतकी की चकती बहुतेक वेळ गप्पच आहे."

"म्हणजे माझं शरीर जुळीपेक्षा हट्टी."

"तुम्ही एकट्या नाही. आणखी दोघींचं असंच आहे. एक देवगडची, एक गुहागरची. तुम्ही तिघी कोकणातल्या. सांगली-साताऱ्याच्या बायकांना उतार पडतोय." त्यांनी समोरचा आलेख बाजूला सारला. "पुढच्या स्कॅनलाही असंच राहिलं तर तुम्हाला चाचणीतून काढून केमो सुरू करावी लागेल. आणि हे औषध अशा गाठींवर चालत नाही, असं मला लिहावं लागेल."

मी फोन ठेवला. मला मरायचं नव्हतं, हे मी तोपर्यंत कोणापाशी बोलले नव्हते. त्या दिवशी दिगंबरपाशी बोलले. तो गवंडीकाम करतो. बोलण्यात कच्चा, पण बराच वेळ माझा हात धरून बसला. त्याच्या हाताला सिमेंटचा वास होता, आणि मला तो फार बरा वाटला.

डिसेंबरात वयनीची मुलगी पूर्वा कुडाळला बाळंत झाली आणि वयनी तिकडे गेली. मी माझी पेज मीच करून घ्यायला लागले. तूप घालून. आणि थोड्या दिवसांतच डॉक्टरांचा फोन.

"रंजनाताई, काय बदललंत? तुमची चकती एकदम कामाला लागलीय. जशी लागायला हवी होती तशी. औषध बदललं? जेवण बदललं?"

"काही नाही हो. वयनी कुडाळला गेलीय, एवढंच."

मी हे बोलले आणि तशीच उठून वयनीच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवर त्या पिवळ्या तेलाची बाटली होती. मी तिचं बूच काढलं. भाजक्या सालीचा वास आला.

*

वयनी डिंकाचे उरलेले लाडू आणि नातवाचे फोटो घेऊन आली. फोटो सगळे बघून होईपर्यंत मी दम धरला. मग बाटली पुढे ठेवली.

"वयनी, ह्या तेलात काय आसा?"

"खोबरेल."

"आणि?"

तिने पदर सारखा केला. "सोलां. सुकी सालं मंद आगीर तेलात मुरवलेली. माझ्या आयेचा तेल ता. पोरांच्या अंगार पुरळ इला की लावी."

"लावी. पेजेत घाली नाय."

"आंबट लागता काय ता? लाल दिसता काय? मग तुका काय त्रास झालो?"

आणि खरंच, आंबट नव्हतं, लालही नव्हतं. हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. कोकमाचा आंबटपणा आणि लाल रंग पाण्यात उतरतो, म्हणून सोलकढी तशी होते. तेलात उतरतो तो सालीतला पिवळा रेणू. वयनीने नकळत नेमका तोच वेगळा काढला होता, आणि तेलाबरोबर तो पोटातून रक्तात शिरत होता.

मला राग आला होता. मी आवाज चढवला. "पथ्य मोडला तर नाव काढतत, म्हायत होता मां तुका? मगे कित्याक केलंस?"

वयनीने बाटलीचं बूच घट्ट दाबलं. मग म्हणाली, "तू मिठाक नाव ठेवूचा सोडलंस."

"काय?"

"गाठी इल्यापासून. जेवक बसतंस, मान खाली घालून जेवतंस, 'बरा झाला' म्हणतंस. आमचे मामंजी जावच्या आधी असेच झालेले. कशाक नाव ठेवीत नसत. माका कळला, ह्या बाईन आशा सोडल्यान. म्हटलंय, औषध रातांब्याचा, तर रातांबोच थोडो जास्त पोटात जाऊंदे." तिचा आवाज फुटला. "इतक्या वर्साची माझी जाव. तुका काय झाला तर मी माझ्या घरात मीठ कोणाक इचारू?"

मला रडू आलं. तिलाही आलं. दोघी जावा भर सकाळी बाटली मध्ये ठेवून रडत होतो, आणि दिगंबर दारात येऊन तसाच मागे गेला.

मग मी तिला सांगितलं, मला जेवढं उमगलं होतं तेवढं. आमच्या बसमध्ये पाटकरांचे दोन भाऊ एकाच्या पासावर प्रवास करायचे. तोंडावळा सारखा, कॅमेरा फसायचा. तोंड तेच दिसलं की यंत्र म्हणणार, हा चढला. तसंच दंडातल्या चकतीचं झालं असणार. औषध आणि तेलातला रेणू सख्खे भाऊ, नुसती शेपटी वेगळी. चकती तोंड बघते. तेलातला भाऊ दिसला की तिला वाटतं औषध भरपूर आहे, आणि ती गप्प बसते. आणि गाठीपर्यंत पोचायचं काम तर शेपटीचं.

वयनीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे माझ्या तेलान तुझा औषध अडवल्यान?"

"तुझ्या तेलान नाय. मशीन फसला."

"माझ्याच तेलान फसला मां," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

*

दिगंबरचं म्हणणं सरळ होतं. "तेल बंद झाला मां? मगे आता औषध चालू रवतला. कोणाक सांगूची गरज काय? सांगलंस तर नाव काढतले."

मला ते पटत होतं. खरंच पटत होतं. मी दोन दिवस त्याच्याच बाजूची होते. पुढच्या स्कॅनला गाठी उतरल्या असत्या, डॉक्टर खूश, मी खूश, वयनीवर डाग नाही.

पण देवगडची बाई माझ्या डोक्यातून जाईना. मी तिला ओळखतही नव्हते. एवढंच ठाऊक होतं की तिची चकतीही गप्प बसलीय आणि तीही घरात विचार करत असेल की आपलंच शरीर हट्टी. तिच्याही घरात कोणीतरी वयनी असणार. आणि मी गप्प बसले तर डॉक्टर लिहिणार, औषध चालत नाही. मग ते पुढे कोणालाच मिळणार नाही. आयुष्यभर मी बिनपासाच्या माणसांना खाली उतरवलं होतं. आता स्वतः तोंड लपवून बसायचं मला जमेना.

मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. तेल, पेज, पाटकरांचे भाऊ. वयनी माझ्या मागे उभी होती. मध्येच पुढे येऊन म्हणाली, "डॉक्टरबाई, हिका काय्येक ठावक नव्हता. नाव काढूचा तर माझा काढा."

"तुमचं नाव चाचणीत नाहीये, मावशी."

"मगे घाला आणि काढा."

डॉक्टर सफिया हसल्या नाहीत. फोनच्या पडद्यावर त्यांनी कपाळाला हात लावला होता. "नाव ठेवायचं की नाही ते समितीच्या हातात आहे. मला खरं तेच सांगावं लागेल. तेल थोडं पाठवाल?"

वयनीने बाटली चार फडक्यांत गुंडाळून पाठवली. तिने इतक्या काळजीने लोणचंसुद्धा कधी पाठवलं नव्हतं.

निकाल यायला महिना गेला. तो महिना वाईट होता. वयनी माझ्यासाठी जेवण करी, पण फोडणी देताना तेलाचा डबा मला उघडून दाखवी, वास घ्यायला लावी, मगच कढईत ओती. माझ्याशी बोलताना तिची मान खाली. आता तीही कशाला काही म्हणत नव्हती.

मग डॉक्टरांचा फोन आला. तेलात तोच भाऊ सापडला होता. मग त्यांनी देवगडला आणि गुहागरला फोन केले, आधी बायकांना नाही, घरच्यांना. देवगडात आई निघाली. रोज रात्री पायाला लावायच्या निमित्ताने आणलेलं असंच सोलांचं तेल ती भातावर घालत होती. गुहागरात चक्क नवरा निघाला. कुठल्याशा दुकानातली कोकमाच्या अर्काची गोळी तो लाडवात कुस्करत होता.

"संवेदक दोन भावांत फरक करत नव्हता, ही आमची चूक ठरली," डॉक्टर म्हणाल्या. "कोकणात औषध द्यायचं आणि लोक कोकम खाणार नाहीत असं धरून चालायचं, हीसुद्धा आमचीच. मी रत्नागिरीची असून. आता संवेदक शेपटीपण तपासणार. तुम्ही आपणहून सांगितलंत म्हणून समितीने तिघींनाही ठेवलंय. नवीन चकती बसवायला या."

मी वयनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला," आणि परसात गेली. मी मुद्दाम मागे गेले नाही. तिला थोडा वेळ रातांब्याच्या झाडाशी एकटं राहू दिलं.

*

मे महिन्यात स्कॅन झालं. गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. बरी झाले असं डॉक्टर सफिया म्हणत नाहीत. "पेशी ऐकायला लागल्यात," म्हणतात. मला तेवढं पुरे. कोल्हापुरातली माझी जुळीही शहाण्यासारखी वागतेय म्हणे. मी जुलैपासून कामावर जाणार आहे, अर्धा दिवस.

अंगणात चटयांवर रातांब्याची सालं वाळत होती. वयनीचे हात परत लाल झाले होते. मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, आता जेवणात कोकम चालेल. बेताने. नवीन चकती फसत नाही. तेल मात्र नाही."

"तुझा मी ऐकूचंय नाय. त्यांच्या तोंडान ऐकतंय."

तिने स्वतः फोन लावला. डॉक्टरांना तीन वेळा विचारलं. वाटी केवढी, ते आपली वाटी फोनसमोर धरून दाखवलं. मग नारळ फोडला, रस काढला, आगळ घातलं, लसूण ठेचली. दिगंबर काम टाकून घरी आला होता.

वयनीने वाटी माझ्यापुढे ठेवली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. उगाच भांडी हलवत होती. मी एक घोट घेतला. जिभेला झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. वर्ष होत आलं होतं.

वाटी खाली ठेवून मी म्हटलं, "वयनी, मीठ जास्त झालंय."

भांड्यांचा आवाज थांबला. वयनीने पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि तांब्या उचलून माझ्यापुढे आपटला.

"जास्त वाटता तर पाणी पी."